नरक्या: भीमेच्या उगमाकडचं झाड आणि कॅन्सरचं औषध

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांच्यासाठी ही लिखित प्रत. आणि ज्यांना दौंड-पुणे डेमूच्या गर्दीत अर्धं ऐकूच आलं नाही, त्यांच्यासाठी तर खास. बोलण्याच्या ओघातलं थोडं मागेपुढे केलंय, बाकी गोष्ट तीच.

आजची गोष्ट एका झाडाची आहे. नाव आहे नरक्या. नावावरूनच कळतं की कुणी प्रेमाने ठेवलेलं नाही. पावसाळ्यात याला फिकट पिवळसर फुलांचे गुच्छ येतात आणि त्यांचा वास नाकाला हात लावायला लावतो. पानं चुरगळली तरी तेच. शास्त्रज्ञांनी ठेवलेल्या जुन्या नावातही 'फोएटिडा' हा शब्द होता, त्याचा लॅटिन अर्थ दुर्गंधी. म्हणजे घाटावरचा गुराखी आणि परदेशी वनस्पतिशास्त्रज्ञ, दोघांचं या बाबतीत एकमत झालं.

झाड दिसायला साधंच आहे. फार उंच होत नाही, मोठ्या झाडांच्या सावलीत उभं असतं, बारा महिने हिरवं असतं. पानं फांद्यांच्या टोकाशी दाटीने येतात. फळं पिकली की लांबट, जांभळट-काळी, आत एकच बी. भीमाशंकरपासून महाबळेश्वर, कोयना, आंबोलीपर्यंत घाटमाथ्याच्या जंगलात ते सापडतं. सह्याद्रीबाहेरही आहे, अगदी श्रीलंकेतही. पण आपल्याकडे ते आज धोक्यातल्या झाडांत गणलं जातं आणि ते आपोआप झालेलं नाही. कसं झालं, तेच आज बघू.

आधी आपला नकाशा

मी दौंड तालुक्यातला. आपल्याकडे वर्षाला साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस पडला की लोक म्हणतात यंदा बरं झालं. शिरूरचंही तसंच. माळरान, हिवर, बोर, बाभूळ, कुसळी गवत. सदाहरित जंगल हा आपल्यासाठी ट्रेकच्या फोटोतला विषय.

पण नदीच्या काठाने वर जाऊन बघा. दौंडला जी भीमा आहे ती भीमाशंकरच्या डोंगरातून येते. शिरूरला जुनी माणसं अजूनही 'घोडनदी' म्हणतात, ती घोडही त्याच डोंगररांगेत, आंबेगाव तालुक्यात उगम पावते. तिथे पाऊस आपल्या पाच-सहापट. चासकमानचा कालवा असो नाहीतर चिंचणीचं घोड धरण, आपल्या उसाला आणि कांद्याला मिळणारं पाणी त्या डोंगरात पडतं आणि तिथल्या जंगलातून झिरपत खाली येतं. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य जाहीर झालं, सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं. बहुतेकांना ते शेकरूसाठी माहीत आहे. नरक्या त्याच जंगलात राहतो.

म्हणजे आपण आणि नरक्या एकाच नदीवर आहोत. तो वरच्या टोकाला, आपण खाली.

टपालवाला आणि त्याचा मित्र

या झाडाची पहिली छापील नोंद १८३९ ची. जॉन ग्रॅहम नावाचा ब्रिटिश माणूस मुंबईच्या टपाल खात्यात अधिकारी होता आणि झाडांचा वेडा होता. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी तो तयार करत होता. ते पुस्तक छापून पुरं व्हायच्या आधीच, त्याच वर्षी, तो खंडाळ्यात वारला. तेव्हा तो जेमतेम चौतिशीत होता. राहिलेलं काम त्याचा मित्र जोसेफ निमो याने पूर्ण केलं.

त्या यादीत ग्रॅहमने आपल्या या झाडाला निमोचं नाव दिलं होतं. त्याने झाड चुकीच्या गटात टाकलं होतं, पुढे त्याची गटबदली झाली, मधल्या काळात 'मॅपिया फोएटिडा' हे नाव चाललं. पण वनस्पतिशास्त्रात सगळ्यात जुन्या नावाला मान असतो, म्हणून आज पुस्तकात ते 'नोथापोडायटिस निमोनियाना' आहे. मित्राचं नाव जवळजवळ दोनशे वर्षं टिकलं.

त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षं या झाडाकडे कुणी फारसं बघितलं नाही. इमारतीला चालत नाही, फळाला बाजार नाही, वास येतो. निरुपयोगी समजलं गेलं म्हणून वाचलं, असंही म्हणता येईल.

नंदुरबारचा माणूस

आता गोष्ट अमेरिकेत जाते, पण एका मराठी मुलुखातल्या माणसाला घेऊन.

१९५० च्या दशकात मन्रो वॉल हे रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेच्या कृषी खात्यात काम करत होते. हजारो झाडांचे अर्क काढायचे आणि त्यातून कॉर्टिसोन बनवायला कच्चा माल मिळतो का ते बघायचं, असं ते काम. तिथल्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने त्यांच्याकडे विचारणा केली की हे अर्क आम्हालाही तपासायला द्या. हजारभर अर्क गेले. त्यातला एक उंदरांमधल्या कॅन्सरवर जोरदार चालला. तो कॅलिफोर्नियात लावलेल्या एका चिनी झाडाचा होता. त्या झाडाला चीनमध्ये 'शी शू' म्हणतात, म्हणजे आनंदाचं झाड.

१९६० मध्ये वॉल नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि १९६२ मध्ये त्यांच्याबरोबर मनसुख वाणी कामाला लागले. वाणी जन्माने नंदुरबारचे, १९२५ सालचे. मुंबई विद्यापीठात शिकले, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून पीएचडी केली. या दोघांनी चिनी झाडातला नेमका पदार्थ वेगळा केला आणि १९६६ मध्ये त्याची रचना जाहीर केली. त्याचं नाव कॅम्प्टोथेसिन. पाच वर्षांनी, १९७१ मध्ये, याच जोडीने टॅक्सॉलची रचना मांडली. आज कॅन्सरवर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी दोन घराण्यांचं मूळ या दोन शोधांत आहे आणि त्यातलं एक नाव खान्देशातल्या माणसाचं आहे. शाळेत मला कुणी हे सांगितलं नव्हतं, म्हणून इथे मुद्दाम सांगतोय.

गोरेगावची प्रयोगशाळा

एवढ्यात नरक्या कुठे आला? १९७२ मध्ये.

मुंबईत गोरेगावला सिबा या कंपनीचं संशोधन केंद्र होतं. तिथे टी. आर. गोविंदाचारी हे संचालक. भारतीय वनस्पतींमध्ये काय काय रसायनं आहेत याचा पद्धतशीर शोध त्यांच्याकडे चालायचा. गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखवलं की कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या मॅपियात, म्हणजे नरक्यात आहे. आणि थोडंथोडकं नाही, चिनी झाडापेक्षा बरंच जास्त.

चीनचं आनंदाचं झाड आणि आपला नरक्या यांचं जवळचं नातं नाही. दोन वेगळी कुळं, दोन वेगळे देश, पण पदार्थ एकच. दोन टीमनी एकमेकींशी न बोलता तोच कोड लिहावा, तसं काहीसं.

गंमत म्हणजे त्याच सुमारास अमेरिकेत या पदार्थाच्या माणसांवरच्या चाचण्या थांबल्या. पदार्थ पाण्यात विरघळत नव्हता, म्हणून त्याचं विरघळणारं रूप देऊन बघितलं, तर रुग्णांना भयंकर त्रास झाला. मूत्राशयातून रक्तस्राव, पांढऱ्या पेशी खाली, उलट्या. औषध म्हणून तो विषय जवळपास संपला.

परत जिवंत झाला तो १९८५ मध्ये, जेव्हा तो नेमकं काय करतो हे कळलं. आपल्या डीएनएला पीळ असतो, चऱ्हाटासारखा. पेशी वाढताना त्याची नक्कल करायची तर पीळ सोडवावा लागतो. त्यासाठी एक एन्झाइम एक पदर कापतं, पीळ सैल करतं आणि परत जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं कापल्यानंतर आणि जोडायच्या आधी मधे अडकून बसतं. पदर कापलेलाच राहतो, पेशी नक्कल करायला जाते आणि मरते. कॅन्सरची पेशी सारखी नक्कल करत असते, म्हणून तिला फटका जास्त. केस, तोंड, पोट यांच्या पेशीही भराभर वाढतात, म्हणून त्रास त्यांनाही होतो.

हे कळल्यावर रेणूत थोडे बदल करून सहन होतील अशी औषधं बनली. एक टोपोटेकॅन आणि दुसरं इरिनोटेकॅन. इरिनोटेकॅन जपानच्या याकुल्ट कंपनीने पुढे आणलं. हो, तीच छोट्या बाटलीतल्या पेयाची याकुल्ट. १९९६ मध्ये दोन्ही औषधांना अमेरिकेत परवानगी मिळाली. इरिनोटेकॅन मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर वापरतात. २०१५ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

मग कुऱ्हाड आली

औषध कारखान्यात बनतं, पण सुरुवातीचा माल, म्हणजे कॅम्प्टोथेसिन, मुख्यतः झाडातूनच काढावा लागतो. प्रयोगशाळेत तो पूर्ण बनवता येतो, पण परवडत नाही. त्यामुळे १९९० च्या दशकात मागणी वाढली तशी ती थेट दोन ठिकाणी जाऊन पोचली: चीनमधलं ते झाड आणि सह्याद्रीतला नरक्या.

चीनमध्ये त्या झाडाच्या लागवडी होत्या. आपल्याकडे नरक्या जंगलातच होता. व्यापाऱ्याला हवं होतं लाकूड, साल आणि मुळं. पदार्थ मुळातही भरपूर, म्हणून काही ठिकाणी झाड मुळासकट खणलं गेलं. मुळं काढली की फुटवा येण्याचा प्रश्नच मिटतो. तुकडे करायचे, वाळवायचे, पोत्यात भरायचे, किलोवर विकायचे. घाटातल्या ज्या माणसाने खांद्यावर ओझं वाहिलं, त्याच्या हातात मजुरी पडली. माल परदेशात गेला. कोल्हापूर, सिंधुदुर्ग, सातारा या भागांत वनखात्याने नरक्याच्या लाकडाच्या चोरट्या वाहतुकीवर कारवाया केल्या, पण तोवर कित्येक जागा रिकाम्या झाल्या होत्या.

असंच अमेरिकेत टॅक्सॉलच्या बाबतीत झालं. पॅसिफिक य्यू नावाचं हळू वाढणारं झाड, साल काढली की मरतं. रुग्णांच्या संघटना म्हणत होत्या औषध हवं, जंगलवाले म्हणत होते झाडं संपतील. १९९२ मध्ये त्यासाठी खास कायदा करावा लागला. शेवटी युरोपातल्या य्यूच्या पानांतून सुरुवातीचा पदार्थ काढायची युक्ती सापडली. पानं परत येतात, झाड उभं राहतं. तिथे सुटका झाली कारण शोध लागेपर्यंत झाडं शिल्लक होती.

मामाचा प्रश्न

हा विषय माझ्याकडे इंटरनेटवरून आला नाही. माझ्या मावशीला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. पुण्यात केमो चालू होती आणि औषधांच्या यादीत इरिनोटेकॅन होतं. मी सवयीने शोधत बसलो आणि दुसऱ्याच पानावर भीमाशंकरचं नाव बघून थांबलो. घरी सांगितलं, तर मामा लगेच म्हणाला, "अरे मग एवढे पैसे कशाला घालवायचे? आपला ओळखीचा माणूस आहे तिकडे आंबेगावला. साल मागवू, काढा करू."

मामा चुकीच्या हेतूने बोलत नव्हता. बहिणीसाठी काहीही करायला तयार असलेला माणूस असाच बोलतो. शिवाय असे मेसेज आपल्या सगळ्यांच्या गावच्या ग्रुपवर फिरत असतात. म्हणून हे नीट ऐका. नरक्याच्या सालीत औषध नाही, औषधाचा कच्चा माल आहे आणि तो विषारी आहे. प्रयोगशाळेत मोजून-मापून दिलेल्या रूपानेही रुग्णांचं जे झालं ते मघाशी सांगितलं. एका झाडात किती पदार्थ आहे आणि शेजारच्यात किती, यात मोठा फरक असतो. काढ्याचा डोस कोण ठरवणार? केमो चालू असलेल्या माणसाला तो काढा देणं म्हणजे आधीच खाली गेलेल्या पांढऱ्या पेशी आणखी खाली ढकलणं. आणि अभयारण्यातून साल काढून आणणं हा गुन्हा आहे, तो वेगळाच.

मामाला मी एवढंच म्हटलं, "मामा, मावशीला झाडाचा उपयोग चालूच आहे. त्या सलाइनमधून." त्याला पटलं की नाही माहीत नाही, पण आंबेगावला फोन गेला नाही.

'रोपं लावू ना' याने का भागत नाही

दुर्मिळ झाड म्हटलं की आपला पहिला विचार असतो: शंभर रोपं आणू, गावच्या गायरानात लावू, फोटो टाकू. नरक्या आपल्याकडच्या उघड्या माळावर, मे महिन्याच्या उन्हात, पाचशे मिलिमीटर पावसात टिकणार नाही. त्याला मोठ्या झाडांची सावली, पानांचा ओला थर, पावसाळाभर धुकं लागतं. फळं खाऊन बी लांब टाकणारे पक्षी लागतात. आणि आपला माळही काही रिकामी जागा नाही. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा राहतात ते माळ आहे म्हणूनच. तिथे झाडांची गर्दी केली तर चिंकाराचं घर जाईल आणि नरक्याचंही होणार नाही.

बरं, घाटाजवळच्या गावांत लागवड करता येते का? येते, आणि करायलाही हवी. मुळं न खणता वरच्या फांद्या-पानं काढली तर झाड पुन्हा फुटतं. शेतातला माल मिळाला की जंगलावरचा ताण कमी होतो.

पण शेत जंगलाची जागा घेऊ शकत नाही, याचं एक कारण मला फार विचार करायला लावून गेलं. २००५ मध्ये भारतीय आणि जर्मन संशोधकांनी दाखवलं की नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी स्वतःही कॅम्प्टोथेसिन बनवते. सगळ्यांना वाटलं, सुटलो! आता झाड नको, टाकीत बुरशी वाढवू. पण अशा बुरश्या झाडाबाहेर काढून प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवल्या की पदार्थ बनवण्याची त्यांची क्षमता कमी कमी होत जाते. झाडात असताना जे काम चालतं, ते काचेच्या बशीत हळूहळू बंद पडतं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला म्हणू, माझ्या मशीनवर चालतं, तुझ्या मशीनवर नाही. कारण प्रोग्रॅम सोबत नेला, पण तो ज्यावर उभा होता ते सगळं मागे राहिलं. नरक्याचं ते 'सगळं' म्हणजे भीमाशंकरची माती, बुरशी, सावली, पक्षी. शिवाय झाडाझाडांत जो फरक आहे, एकात पदार्थ जास्त, एकात कमी, एक रोगाला दाद देणारं, एक न देणारं, तो फरकच उद्याच्या लागवडीचं बियाणं आहे. चार झाडांपासून लाख रोपं केली तर रोपं लाख होतील, पण प्रकार चारच राहतील.

आता काम

चांगली गोष्ट ही की हे सगळं कायद्यात बसतं. १९९३ पासून दक्षिणेतल्या राज्यांत आणि पुढे महाराष्ट्रातही औषधी वनस्पतींसाठी जंगलातच राखीव क्षेत्रं ठेवायला सुरुवात झाली, म्हणजे झाड जिथलं तिथे जपायचं. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती आणि 'लोक जैवविविधता नोंदवही' आणली. आपल्या हद्दीत काय वाढतं, लोक ते कशाला वापरतात, हे गावाने स्वतः लिहायचं. बाहेरच्या कंपनीने ते नेलं तर गावाला वाटा मिळायला हवा, हाही त्याच कायद्याचा भाग. ज्या माणसाने किलोवर मजुरी घेऊन नरक्या वाहिला, त्याच्या पंचायतीत ही नोंद आधीच असती आणि तिला किंमत असती, तर सौदा वेगळा झाला असता.

तुमच्या गावची नोंदवही बघितलीय का? दौंड-शिरूरच्या पंचायतींतही ती असायला हवी. ग्रामपंचायतीत विचारा. त्यात नरक्या नसणार, पण हिवर, बोर, माळावरची गवतं, चिंकारा आहेत का ते बघा. नसतील तर सभेत सांगा. जुन्या जाणत्या माणसांना सोबत घेऊन बसलात तर एका रविवारात चार पानं भरतील.

आणि श्रावणात भीमाशंकरला जाल तेव्हा पायवाट सोडू नका, आणि एखादं दुर्मिळ झाड कळलं तर त्याचं लोकेशन स्टेटसला टाकू नका. तोडलेलं लाकूड किंवा पोती दिसली तर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

मावशीची सहा सायकल झाली. पुढचा स्कॅन दिवाळीनंतर आहे. कसं झालं ते सांगेन. भेटू पुढच्या भागात.